बोरी अरबची बाटली

सूक्ष्मदर्शकाशी बसण्याआधी सुनीतीमावशी रोज बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचायची. पूर्ण नाव, गाव, आणि मग "या." जणू दारात कुणी उभं आहे. यवतमाळला तिची छोटी लॅब होती. तिथं गाठींचे तुकडे येत, ज्यांच्या गाठी त्या बाया क्वचितच.

कापसाला भाव नसलेली ती वर्षं. एका सकाळी मावशीनं वाचलं, "इंदुताई विठ्ठलराव ढोले, बोरी अरब. या." झाकण उघडलं आणि ती थांबली. तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनचा, डोळ्यांत पाणी आणणारा वास आलाच नाही. आत साधं पाणी होतं.

बाटली घेऊन आलेला इंदुताईंचा नवरा बाकावर बसला होता.

"यातलं औषध कुठं गेलं, विठ्ठलराव?"

"रातच्याला बाटली घरीच होती, मायनं सांडलं. शेजारचं पोरगं फवारनीचं औषध पिऊन गेलं, तवापासून ते वासाची बाटली घरात ठेवूच देत नाही. म्या म्हटलं, हे दवाखान्याचं हाये. तं म्हने, तेही दुकानातलंच होतं. मंग माठातलं पानी भरलं तिनं."

मावशीनं तरीही तुकड्याची काच तयार केली. पेशी फुगून विरघळल्या होत्या. ग्रंथींची दाटी दिसत होती, पण दाटी म्हणजे कर्करोगच असं नाही. निरुपद्रवी गाठीत प्रत्येक ग्रंथीभोवती पेशींची एक बारीक कड शाबूत असते. कर्करोगात ती नाहीशी होते. इथं कड दिसेना. ती रोगानं गेली की पाण्यानं, हे कळायला मार्ग नव्हता.

तुकडा काढणाऱ्या दारव्ह्याच्या सर्जननी फोनवर सांगितलं, "गाठ दगडासारखी आहे, मॅडम. कॅन्सर लिहा, मी स्तन काढून टाकतो. वेचणीच्या दिवसांत ही बाई पुन्हा येणार नाही."

"दिसलं नाही ते कसं लिहू?"

"आणि आलीच नाही तर?"

मावशीनं फोन ठेवला. ती विठ्ठलरावांबरोबर जीपनं बोरी अरबला गेली.

"तुकडा नीट आला नाही, इंदुताई. पुन्हा काढावा लागेल."

"एकडाव कापलं नं? आता कायले? तुमची मशीन बिघडली काय?"

चुलीपाशी बसलेली सासू मोतीबाईच बोलली, "मशीनले नोको बोलू. म्या सांडलं. मले बोल."

इंदुताई सासूकडं वळून म्हणाल्या, "चालते. पन माह्या वाटचा कापूस आता तुमीच वेचा, आत्याबाई."

दुसरी बाटली मोतीबाईनंच आणली. यवतमाळपर्यंत मांडीवर धरून, नाकाला पदर लावून.

काच भिंगाखाली ठेवल्यावर मावशी बराच वेळ उठली नाही. दाटी तशीच होती, पण प्रत्येक ग्रंथीभोवती ती बारीक कड होती. कुठंही तुटलेली नव्हती. कर्करोग नव्हता. स्तन काढायची गरज नव्हती, मावशीनं बाहेर येऊन मोतीबाईला सांगितलं.

"मंग कापाचं राह्यलं म्हना," मोतीबाई एवढंच म्हणाली आणि तिनं नाकावरचा पदर खाली घेतला.

त्यानंतर मावशी फॉर्मॅलिन भरलेली प्रत्येक बाटली नातेवाइकांच्या हातात स्वतः देऊ लागली. पुढं कित्येक वर्षांनी ती झोपेतच वारली, त्याच्या आदल्या दुपारी राजूरचा एकजण बाटली न्यायला आला होता. झाकण घट्ट करत मावशी त्याला म्हणाली, "वास येईल, दादा. येऊ द्या. सांडू नका."