काउंट संपेपर्यंत कोणी बाहेर जात नाही

मुकादम सरांना माती दिली तेव्हा मी रास अल खैरला क्लायंटच्या यार्डात पाइप मोजत होतो.

काल. असरच्या, दुपार उलटल्यावरच्या नमाजनंतर.
इथे माणूस सकाळी गेला की बहुतेक संध्याकाळच्या आत दफन होतो. कोणासाठी थांबत नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फैयाज मुकादम, मूळचे दापोलीकडचे. सौदीत, अल-खोबरच्या आमच्या ऑडिट फर्ममध्ये माझे मॅनेजर. क्लायंटसमोर एकदम कडक इंग्लिश. गाडीत बसलं की, "काय रे मेल्या, न्याहारी केलीस काय?"

मी खोबरचाच. जन्म इथला, शाळा इथली. बारावी झाली आणि घरात एकच विषय सुरू झाला, मोठ्या झालेल्या मुलाला बापाच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, किती दिवस ठेवता येणार?
तेव्हा ही डिग्री अप्रेंटिसशिप सापडली. आठवड्याचे चार दिवस फर्मचं काम, एक दिवस अभ्यास, शेवटी अकाउंटिंगची डिग्री. इकामा फर्मचा, फीसुद्धा फर्म भरणार.

आई म्हणाली, एका दगडात दोन पक्षी.
दोन्ही पक्षी मीच होतो, हे नंतर कळलं.

अभ्यासाचा दिवस क्लायंटच खायचे. मग बाबा रिटायर होऊन आईला घेऊन चिपळूणला गेले, आमचा फ्लॅट सुटला, मी फर्मच्या रूमवर आलो. सुट्टीवर जायचं तर एक्झिट-रीएंट्री व्हिसा फर्मनेच काढायचा, आणि बिझी सीझनमध्ये तो कोणाचाच निघत नाही. नोकरी सोडली तर डिग्री अर्धवट आणि देशही सोडायचा.
घुसमट व्हायची. समुद्रकाठी कॉर्निशवर मित्रांबरोबर हसत असतानाही व्हायची.

गेल्या वर्षी रमजान आणि बिझी सीझन एकत्र आले. क्लायंटच्या मीटिंग रूममध्ये फाइली बाजूला सारून सरांनी रोजा सोडला, अर्धा खजूर मला दिला. मी तेवढ्यात बोलून टाकलं, की मला सोडायचंय, आता नाही होत.

मला वाटलं लेक्चर मिळणार. धीर धर, करिअर वगैरे.

सर पाणी प्यायले. म्हणाले,
"डिग्री सोडू नको. ती पदरात पाडून घे. पण पास झालास की हे लोक तीन वर्षांचं काँट्रॅक्ट पुढे करतील. पगार चांगला असेल. त्यावर सही करू नको."

मी विचारलं, "मग तुम्ही का केलीत?"

"मला सांगायला कोण होतं रे?"

ते दोन वर्षांसाठी आले होते. दर वर्षी म्हणायचे, हा सीझन झाला की जातो. आमच्या ऑफिसमध्ये सगळेच असं म्हणतात, म्हणून कोणी मनावर घेत नाही. सरांचं गावात घर बांधून झालं, त्याचा रंगही जुना झाला. सर इथेच.

गेल्या आठवड्यात माझा रिझल्ट लागला. पास.
दुसऱ्याच दिवशी मेल आला. तीन वर्षं, पगार खरंच चांगला. रविवारपर्यंत सही करून पाठवा.
मी सरांना फोन केला नाही. ते सिक लीव्हवर आहेत, कशाला त्रास, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी सही करणार होतो. हे शहर सोडून मी जाणार कुठे? चिपळूणला तर रिक्षावालाही मला पाहुणा समजतो.

आणि काल सकाळी, काउंट, म्हणजे ऑडिटसाठी मालाची मोजणी, सुरू झाल्यावर, ग्रुपवर मेसेज आला. फजरनंतर, पहाटेच, सरांना हार्ट अटॅक. सर गेले.

काउंट सुरू झाला की यार्डचं गेट बंद. ना माल आत, ना माल बाहेर, ना माणूस. एक ट्रक जरी हलला तरी सगळं पहिल्यापासून मोजायचं. हे मला सरांनीच शिकवलं, आणि कालच्या काउंटचा इनचार्ज मी होतो.

फर्मच्या पार्टनरना फोन केला. ते म्हणाले, काउंट पूर्ण कर, सरांनाही तेच आवडलं असतं.
मला इतका राग आला की मी फोन मध्येच कापला.

क्लायंटचा स्टोअरकीपर, केरळचा, सगळं ऐकत होता. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "जाओ भाई, गेट मैं खोलता हूँ. गिनेंगे फिर से."
त्याचा दिवस फुकट गेला असता. तरी म्हणाला.

मी गेलो नाही. कोणी धरलं नव्हतं. पाय हललेच नाहीत. पाइप मोजत राहिलो, आणि मला माझीच भीती वाटली.

संध्याकाळी थेट सरांच्या घरी गेलो. सरांची बायको, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या चाची, दाराआडून बोलल्या. मी माफी मागायला लागलो, मातीला आलो नाही म्हणून. त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही.

म्हणाल्या, "तू पास झालास ते ह्यांना कळलं होतं. परवा किती खूश होते. म्हणत होते, सुटला पोरगा, आता जाईल तो."

मी जिन्यातच बसलो. खूप रडलो.

आज सकाळी मेलला उत्तर दिलं. सही करणार नाही. फायनल एक्झिटची, म्हणजे देश कायमचा सोडण्याची, रिक्वेस्टही टाकली. आमच्याकडे अशा रिक्वेस्टवर पहिली मंजुरी मॅनेजरची लागते. सिस्टिममध्ये अजून सरांचंच नाव दिसतंय, आणि खाली पेंडिंग.

चाची म्हणाल्या, गेलेल्या माणसासाठी आम्ही दुआ करतो, की त्याची कबर ऐसपैस होवो.

सर, मला दुआ नीट येत नाही. पण तुम्हाला खूप मोकळी जागा मिळो.
मी जातोय.