फौजदारांचं पहिलं रिव्हॉल्व्हर

घनसावंगीच्या स्टँडवरच्या हॉटेलात एक रिटायर फौजदार रोज भेटतात. बायको वारली तेव्हा ते रडले नव्हते, पण पहिल्या सरकारी रिव्हॉल्व्हरचा विषय निघाला की डोळे पुसतात. "उशाखाली घेऊन झोपायचो, भाऊ. एक बी गोळी वाया जाऊ दिली न्हाई." खरंच आहे, कधी झाडलीच नाही. रिव्हॉल्व्हर सरकारजमा झालं. आता रिव्हॉल्व्हरला असायची तसल्याच दोरीनं मोबाईल कमरेला बांधलेला असतो.

परवा स्टँडवर दोन जीपवाले सवारीवरून भांडले आणि एकानं चाक खोलायची लोखंडी टॉमी उचलली. फौजदारांचा हात झटकन कमरेवर गेला. आम्ही आदरानं मागं सरकलो. त्यांनी मोबाईल उपसला, टेबलाखाली बसले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हॅलो, पोलीस ठाणं का? जल्दी या. अन् येताना हत्यार आणा."