नाव घेऊन मागितलेली माफी

शेजारच्या रिबकाबाई बेने इस्रायली, म्हणजे आमच्या कोकणातल्या मराठी ज्यू. योम किप्पूरला त्या पांढरी साडी नेसतात, पाणीसुद्धा न पिता उपास करतात आणि देवाची क्षमा मागतात. पण माणसाला दुखावलं असेल तर देव ते परस्पर माफ करत नाही. त्यासाठी त्या माणसाच्याच दारात जावं लागतं.

यंदा आदल्या दिवशी मी त्यांच्या ओटीवर बसले होते. ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. त्यांचे धाकटे दीर आले आणि उभ्याउभ्याच हात जोडून म्हणाले, "वहिनी, चुकलंमाकलं माफ करा."

"कशाबद्दल, भाऊजी?"

"म्हणजे... सगळंच."

"सगळंच मी माफ करत नाही. काय केलंत ते सांगा."

मी उठू लागले, तर रिबकाबाईंनी मला हाताला धरून बसवलं. "बसा. तेव्हाही भाऊजी चार माणसांसमोरच बोलले होते."

दीर म्हणाले, "दादा गेला तेव्हा मी म्हटलं, वहिनीनं हेळसांड केली. ते खोटं होतं."

साधा धक्का लागला तरी आपण पटकन 'सॉरी' म्हणतो. ज्यानं एखाद्याचा जन्म कडू होतो, त्याचं नाव मात्र जिभेवर येत नाही. ते आता आलं होतं. मला वाटलं, बाई विरघळतील.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "उद्या दिवसभर उपास आहे, विचार करते. परवा या. उत्तर तेव्हा देईन."