कांडीच्या शिक्क्याची नानकटाई

आमच्या कोष्ट्यांच्या आळीत पंचफुलाबाईसारखी नानकटाई कोणाला जमायची नाही, आणि तिच्या नवऱ्याइतकं तोंड वाकडं करून ती कोणी खायचं नाही. मी भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण, दोन्ही माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं.

तिचं माहेर पारशिवनीचं. तिथे तिची आई दिवाळीत परातीत रेती तापवून, वरच्या झाकणावर निखारे रचून नानकटाई भाजायची. झाकण कधी उचलायचं हे लहानगी पंचफुला नुसत्या वासावरून सांगायची. तेव्हापासून तिला तो नादच लागला. चकल्या-शेव ती रीत म्हणून करी. नानकटाईचं पीठ मळायला बसली की बाईचा चेहराच बदलायचा.

लग्न होऊन नागपूरला आली आणि तिला ताराचंदची भट्टी सापडली. त्या काळी दिवाळीआधी बाया घरी मळलेल्या नानकटाईची ताटं घेऊन बेकरीपुढे रांग लावत आणि बेकरीवाला ती भाजून देई. ताटांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराची आपली खूण असे. कोणी चारोळी लावी, कोणी काट्याने रेघा ओढी. पंचफुलाबाईच्या घरात माग होता, म्हणून ती सुताच्या कांडीचं पोकळ टोक दाबायची. छान गोल शिक्का उमटे. लेक लतिका हाताशी आल्यावर ते काम तिच्याकडे गेलं.

अडुसष्ट साली लतिकाने जरीपटका वस्तीतल्या एका सिंधी मुलाशी लग्न केलं. नवरा-बायको पाया पडायला आले तर पंचफुलाबाईच्या नवऱ्याने, रूपरावने, दार लावून घेतलं आणि विहिरीवर जाऊन लेकीच्या नावाने आंघोळ केली. पंचफुलाबाई चुलीपाशी उभी होती. तिने पुढे होऊन कडी काढली नाही. त्या माणसाचा मला संताप आला, आणि तिचा त्याहून जास्त.

त्या दिवाळीत तिने एक डबा जास्तीचा भरला आणि भट्टीवरच ठेवला. लतिकाही तिथेच भाजायला आणते हे तिच्या कानावर आलं होतं. दोन दिवसांनी ताराचंदने दुसरा डबा हातात दिला. आतल्या नानकटाईवर कांडीचा शिक्का होता. डबा छातीशी धरून ती घरभर फिरली.

मग ते दरवर्षीचं झालं. इकडून डबा जाई, तिकडून येई. रूपरावने शिक्का ओळखला असणार, कारण तो बोलला काहीच नाही, पण डब्यातली नानकटाई कमी होऊ लागली. दुपारी बायको मागावर बसली की हा डब्याच्या फळीकडे जायचा. पंचफुलाबाई मला हसत सांगायची. मलाही वाटे, म्हातारा पाघळतोय, एक दिवस लेकीचं नाव घेईल आणि पोरगी घरी येईल. आमची दोघींची सगळी आशा त्या डब्यावर होती.

अठ्ठ्याहत्तर साली ताराचंदच्या पोरांनी भट्टी पाडून तिथे कपड्यांचं दुकान घालायचं ठरवलं. मी माझी ताटं परत आणायला गेले तेव्हा तो मला बाजूला घेऊन बसला. लतिकाने पहिल्या वर्षीच काय तो डबा नेला आणि आपला भरून दिला होता. दुसऱ्या वर्षी आली, आईचा डबा सरकवून दिला आणि म्हणाली, मेलेल्या माणसाले खाऊ पाठवत नाहीत म्हणून सांगा. पुन्हा त्या भट्टीवर आली नाही. नंतर नवऱ्यासोबत इंदूरला गेली, पत्ता कोणाला माहीत नाही. ताराचंदला ते आईला सांगवलं नाही. तो आपलाच माल डब्यात भरायचा आणि पेनाच्या टोपणाने शिक्का मारायचा.

मी तणतणत पंचफुलाबाईकडे गेले. ती पीठ मळत होती. सगळं सांगितलं तरी तिचा हात थांबला नाही.

“मले माहीत आहे वं,” ती म्हणाली. “दुसऱ्या वर्षी पयल्याच घासाले समजलं. त्याच्या नानकटाईत सोडा जास्त राहते. लतिकाले मीच शिकवलं, ती असं करत नाही.”

मग इतकी वर्षं डबा काहून पाठवला, मी विचारलं.

“हे खाऊन राहिले होते ना. लेकीची म्हणून खाऊन राहिले होते.” मग हलकेच म्हणाली, “त्यायले सांगू नको.”

तिने स्वतःच नानकटाई करून शिक्का मारून ठेवावी, असं मी सुचवलं. ती म्हणाली, माझा हात ते ओळखतात. आणि खरंच, जन्मभर तोंड वाकडं करून का होईना, त्याने तिच्याच हातचं खाल्लं होतं.

त्या दिवाळीत भट्टी नव्हती. पंचफुलाबाईने आईसारखी रेतीची परातही मांडली नाही; पीठ ताटात कच्चंच राहिलं, शेवटी गाईला घातलं. पाडव्याच्या दुपारी मी तिच्याकडे बसले होते तेव्हा रूपराव फळीपाशी गेला. त्याने डबा काढला, उघडला, आत हात फिरवला आणि झाकण लावलं.

“यंदा नाही पाठवली लतिकानं?” त्याने विचारलं.

दहा वर्षांत ते नाव त्या घरात पहिल्यांदा ऐकलं. पंचफुलाबाईने मान वर केली नाही.

“नाही,” ती म्हणाली.

“बरं,” तो म्हणाला, आणि डबा पालथा करून ठेवला.