आहेराच्या वेळची रेकॉर्ड

बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. सांगलीला कॉलेजात असताना आम्ही चौघांनी रॉक बँड काढला. त्यात गाणारा कुणी नव्हता, कारण चौघांचेही आवाज चारचौघांत काढण्यासारखे नव्हते. ही अडचण आम्ही तत्त्व म्हणून मिरवली. शब्द कशाला हवेत, वाद्यांनीच बोलावं, असं आम्ही चहाच्या टपरीवर सांगत असू. ऐकायला फक्त टपरीवाला असे आणि त्याचं लक्ष दुधाकडे. ड्रम वाजवणारा कोयनानगरच्या धरण कॉलनीतला होता. सुट्टीत तो सरावाला बसला की शेजारचे लोक पोराबाळांसकट अंगणात धावत. हा भूकंप नाही, रॉक आहे, हे कळल्यावर ते जास्त चिडत.

घरच्यांना पिडून पिडून आम्ही मुंबईत एक छोटी रेकॉर्ड काढली. ती खपली नाही. कंपनीने पुन्हा छापली नाही, आणि पुढे कंपनीही राहिली नाही. त्या अख्ख्या रेकॉर्डमध्ये मी मागे बसून झणझण करण्याचं काम केलं होतं. फक्त शेवटच्या धुनेत अर्धं मिनिट बाकीचे गप्प होते आणि माझी गिटार एकटी वाजत होती. तेवढं अर्धं मिनिट माझं.

गावी जाऊन मी ती आबांना ऐकवली. आबा म्हणजे वडील, फौजेतून हवालदार होऊन परतलेले आणि ऊस लावून बसलेले. त्यांनी शिस्तीत शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "बँड वाजला. आता नवरदेव कवा यायचा?"

पुढे मी कुपवाडच्या कारखान्यात चिकटलो आणि रेकॉर्ड गावच्या कपाटात राहिली. जुन्या रेकॉर्डी गरम पाण्यात बुडवून त्यांच्या झालरीच्या काठाच्या वाट्या करायची कला तेव्हा बायकांत जोरात होती. एका संक्रांतीला गावी गेलो तर हळदीकुंकवाची सुपारी आमच्या रेकॉर्डमधून फिरत होती. बुडाशी बँडचं नाव स्वच्छ दिसत होतं.

"आवं भावजी, हिच्यात गाणंच न्हाई," वहिनी म्हणाली. "म्हटलं, बिघडलेली दिसतीया."

मला फार लागलं. सुपारी मात्र खाल्ली.

मग शोध सुरू झाला. बाकी तिघांकडे रेकॉर्ड उरली नव्हती. सांगली-साताऱ्याची भंगाराची दुकानं पालथी घातली. ते अर्धं मिनिट मी खरंच बरं वाजवलं होतं, की तसं मला नुसतं वाटत होतं, एवढंच एकदा ऐकून ठरवायचं होतं. सापडेना. बँडच्या नावाचंच लोकांना हसू यायचं.

दशक संपत आलं तेव्हा गावी चुलत बहिणीचं लग्न निघालं. अक्षता पडल्या, आहेर सुरू झाला आणि झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून आमची रेकॉर्ड वाजू लागली. मी पळतच स्पीकरवाल्याकडे गेलो. तो औंधचा. जुन्या रेकॉर्डींच्या ढिगात ती त्याला मिळाली होती. प्रत्येक लग्नात आहेराला तो हीच लावायचा.

"ह्यात कोण बोलत न्हाई," तो म्हणाला. "आहेर देणाऱ्याचं नाव सुटं ऐकू येतंय. लय सोयीची हाय."

एवढ्यात माझं अर्धं मिनिट आलं आणि त्याने माईकमध्ये तोंड घातलं, "नवरीच्या आत्याकडून पितळी घागर एक!" घागरीमागून समई, समईमागून कळशी. गिटार भांड्यांखाली गेली.

रेकॉर्ड मागितली, तर दुसरी कुठून आणू म्हणाला. शेवटी त्याला बुंदीचं ताट वाढून आणलं, तेव्हा ती धून पुन्हा लावायला आणि माझ्या जागी गप्प बसायला तो कबूल झाला.

ती जागा आली. त्याने माईकवर हात ठेवला. नेमके त्याच वेळी नवऱ्याचे मामा परात उंच धरून उभे होते. क्षणभर त्यांनी वाट पाहिली, मग कडाडले, "आमच्याच टायमाला पुकारणं बंद? ह्यो बाजा बडिवणारं येडं कोण हाय?"

आबा उठले, चालत आले आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"त्ये येडं माझं हाय," ते म्हणाले. "माझा ल्योक वाजिवतोय. फौजेत बिगुल वाजला की साहेबबी हालत न्हाई. तुमी परात घेऊन तसंच उभं ऱ्हावा." एवढ्यावर थांबतील तर आबा कसले! माझी बोटं लहानपणापासून कशी चालायची, रेकॉर्ड कशी मुंबईत झाली, गावात दुसऱ्या कुणाची आहे का, सगळं त्यांनी कर्ण्यातून सांगितलं. त्यांचं संपलं तेव्हा सुई रिकामीच खरखरत होती. स्पीकरवाल्याने घाईने सिनेमाचं गाणं लावलं आणि त्या गाण्यावरच मामांची परात तीनदा पुकारली.

आबा माझ्याजवळ आले. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटत होतं.

"आयकलंस न्हवं?" त्यांनी विचारलं. "कसं वाटलं?"

"लय भारी, आबा," मी म्हणालो.