मिठाचा खांब आणि बाबांची वाडी

गास गावची केळीची वाडी विकून बाबा आमच्या फुलपाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, पण वाडी विकली हे त्यांच्या पायांना काही पटलं नव्हतं. रोज सकाळी ते तिथे जायचे आणि केळींना पाणी घालून यायचे. मी कॅलेंडरवर खुणा केल्या: तीस दिवसांत सव्वीस फेऱ्या. शेवटी नव्या मालकाचा फोन आला. पाणी घालतात इथवर ठीक, पण आता ते माझ्या गड्याला कामं सांगतात. हे थांबलं नाही तर फाटकाला कुलूप लावीन, म्हणाला.

समजावून मी थकलो होतो. तेवढ्यात आमचा ख्रिस्ती शेजारी म्हणाला, की उपवासकाळ चालू आहे, चर्चच्या हॉलमध्ये बायबलमधल्या पापी नगराचा जुना सिनेमा दाखवणार आहेत. शेवटी नगर जळतं, आणि मनाई असूनही मागे वळून पाहणारी बाई मिठाचा खांब होते. मला हवं ते आयतंच मिळालं. बाबांना घेऊन गेलो.

मी घड्याळ लावून पाहिलं: एकशे पंचवीस मिनिटं पाप, वीस मिनिटं दाढीवाल्यांचे उपदेश, नऊ मिनिटं विनाश. पाप चालू असताना हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. उपदेश सुरू झाला तशा पुढच्या रांगेतल्या मावश्या मासळीच्या भावांवर आल्या. सिनेमा इंग्रजी, म्हणून शेजारी बाबांच्या कानात मराठीत सांगत होता. पुठ्ठ्याचं नगर कोसळलं. बाई वळली, पांढरी झाली. मी बाबांना कोपराने ढोसलं.

"कळलं ना, बाबा?"

"कळलं. घाईत निघाली बिचारी. चूल विझवली का, गाय सोडली का, बघायला नको? नवरा बघ, सरळ चालत सुटला. तुझ्यासारखा असता तर गॅसचं बटण बघायला तीनदा परत गेला असता."

शेजारी मोठ्याने हसला. तीनदा नव्हे, दोनदा. पण तिथे वाद घालणं बरं दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाबा चपला घालून तयार. रविवार होता, मालकाची माफी मागावी म्हणून मीही निघालो. मालक नव्हता. फाटक उघडं होतं, आणि आत पाण्याचा पाट मध्येच फुटून शेवटच्या अकरा केळी कोरड्या पडल्या होत्या. बाबांनी मला फावडं दिलं.

संध्याकाळी मालकाचा फोन आला. आता दोघे येतात, अशी तक्रार होती. कुलपाचं तो काही बोलला नाही. मीही आठवण केली नाही.