सात जणांची नावं

वॉलॉंगॉंगहून सिडनीला जाणाऱ्या ट्रेनमध्ये रोज भेटणारी, एका लॅबमध्ये काम करणारी ती प्रत्येक वाक्य "ऐक ना"ने सुरू करायची. विषय एकच, जपानमधला एक छोटा व्हिडिओ गेम स्टुडिओ. सात जणांनी तो उभारला होता. मोठ्या कंपनीने तो विकत घेऊन बंद केला आणि त्यांच्या गाजलेल्या गेमच्या नव्या आवृत्तीतून त्यांची नावंही काढून टाकली.

सिडनीत जुन्या गेम्सचं प्रदर्शन बघायला आम्ही दोघी गेलो. तिथेही त्या गेमशेजारच्या पाटीवर फक्त कंपनीचं नाव होतं. तिने पेन काढून खाली सातही नावं इंग्रजीत लिहिली. मी घाबरून चार पावलं मागे सरकले.

गार्ड धावत आला. "मेट," इथे सगळ्यांना म्हणतात तसं मित्रत्वाने तो म्हणाला, "हे पुसावं लागेल."

"नो वरीज, पूस," ती म्हणाली. "पण आधी मोठ्याने वाच."

तो अडखळत वाचू लागला. लोक थांबून ऐकत होते.